पुढचा पीळ

बहिणीच्या मयताचं सगळं उरकून मिस्त्रीण तिसऱ्या दिवशी दुपारी परतली आणि घरात पाय ठेवायच्या आधी किनाऱ्यावर गेली. डोक्यावर गाठोडं, डोळे रडून सुजलेले, पण पाय सवयीनं तिकडेच वळले. पाहते तर काय, ओंडक्यांवर उभ्या असलेल्या होडीच्या तळाला रंगसुद्धा लागून गेला होता.

"झालं पण?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"झालं म्हणजे? चकाचक झालं!" तांडेल होडीच्या सावलीतून बाहेर आला. होडी त्याची, आणि समुद्रात गेल्यावर तिच्यावर हुकूमही त्याचाच. आधी पोट पुढे यायचं आणि मागून माणूस. "मिस्त्रीणबाई, तुम्ही आता घरी बसून आराम करा. सूनबाईनं दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलंय. असा पाय लागावा घराला!"

सून बाजूला उभी होती. कोपरापर्यंत तेलानं माखलेली, केसांत कापूस, चेहरा लाजून लाल. लग्नाला चार महिने झालेले. ती वरच्या, शेतीच्या मुलखातली. समुद्र तिनं लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि अजून त्याच्याकडे पाठ करून उभी राहायला घाबरायची. पण कामाला वाघीण.

"आई, तुम्ही वळून ठेवलेले सगळे पीळ संपवले," ती म्हणाली. "मी मामंजींना एकदासुद्धा थांबू दिलं नाही. एक पीळ आत गेला रे गेला की दुसरा हात पुढे!"

मिस्त्रीणीनं गाठोडं खाली ठेवलं आणि ती तिथंच ओंडक्यावर बसली. लोकांना वाटलं, बहिणीचं दुःख. कुणीतरी तांब्यातून पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं, पण प्यायचं राहून गेलं.

बघणाऱ्याला फटी भरायचं काम सोपं वाटतं. लाकडी होडी म्हणजे फळीला फळी लावलेली, आणि दोन फळ्यांमध्ये फट ही असतेच. तिच्यात तेलात भिजवलेला कापसाचा पीळ घालायचा, त्यावर बोथट पटाशी धरायची आणि मोगरी हाणायची. सुरुवातीला आवाज येतो भद्‌ भद्‌, गादीवर काठी मारल्यासारखा. पीळ आत जात राहिला की आवाज चढतो. आणि गच्च बसला की एकदम टण्ण! त्याला म्हणायचं फळी बोलली. बोलली की पुढचा पीळ घ्यायचा. नाही बोलली तर हाणत राहायचं, खांदा निखळला तरी. मग वरून चुना तेलात मळून केलेली लांबी लिंपायची आणि लांबीवर रंग. एकदा रंग चढला की बोललेली फट कुठली आणि मुकी कुठली, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही.

आणि मिस्त्रीला दोन वर्षं झाली, फळीचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

चाळीस वर्षं कानाशी मोगरी वाजवली, कान तरी किती दिवस साथ देणार? आधी पाठीमागून मारलेली हाक जायला लागली, मग पाखरं गेली, मग मोगरी. एकदा असाच तो एका फटीवर हाणत होता. फळी बोलून चुकली तरी हाणतच होता. आणखी चार घाव पडले असते तर कड फुटली असती. शेजारी बसून पीळ वळणाऱ्या मिस्त्रीणीनं काही न बोलता पुढचा पीळ तळहातावर ठेवला आणि अख्खा हात त्याच्यासमोर ताणला. त्यानं हाताकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मोगरी थांबवली आणि पीळ घेतला. बस्स. त्या दिवसापासून तेच चालू झालं. तो हाणायचा, ती ऐकायची. हात पुढे आला म्हणजे फळी बोलली. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. नवरा-बायकोत कितीतरी गोष्टी अशाच न बोलता निभतात.

गावात कुणाला पत्ता नव्हता. मिस्त्री पहिल्यापासून कमी बोलणारा. कुणी काही म्हटलं की मान हलवायचा आणि "बरोबर आहे" म्हणायचा. लोक म्हणायचे, शहाणा माणूस. मिस्त्रीण मनात म्हणायची, शहाणा कसला डोंबलाचा.

जाताना तिनं त्याला बजावलं होतं, "मी येईपर्यंत कण्याजवळच्या फटीला हात लावू नका. वरच्या कडेचं करत बसा." त्यानं मान हलवली होती. आता तिला कळलं, ती तेव्हा गाठोड्याला गाठ मारत होती. तिचं तोंड त्याला दिसतच नव्हतं.

चहाची वेळ झाली. माणसं टपरीकडे गेली, सून गाठोडं घेऊन घरी गेली. मिस्त्रीण मागे राहिली. इकडे तिकडे बघून तिनं मोगरी उचलली आणि वाकून होडीच्या पोटाखाली शिरली. तळातून जाडजूड कणा गेलेला असतो, होडीचा सगळा भार त्याच्यावर. कण्याला लागून पहिली फळी. त्या दोघांमधली फट सगळ्यात खाली, सगळ्यात जास्त पाण्याचा दाब तिच्यावर. तिथं हातानं चाचपत तिनं हलकेच मोगरी मारली.

भद्‌.

थोडं पुढे सरकून पुन्हा मारली. भद्‌. आणखी पुढे. भद्‌. चांगली चार-पाच हात लांब फट मुकी होती. पुढे, जिथं तिनं स्वतः बसून काम करून घेतलं होतं, तिथं फळी टण्णकन बोलली, आणि तो आवाज ऐकून तर तिला रडूच फुटलं.

"कोण आहे खाली?"

तिचा लेक वाकून बघत होता. लहानपणी कमरेला सुके भोपळे बांधून पोहायला शिकला, तेव्हापासून सगळे त्याला भोपळ्या म्हणायचे. आता सव्वीस वर्षांचा गडी, याच होडीवर खलाशी. परवा उधाणाच्या भरतीला होडी पाण्यात जाणार आणि तो तिच्यावर जाणार.

मिस्त्रीण रांगत बाहेर आली. डोक्याला ओला रंग लागला होता.

"तू या फेरीला जाऊ नकोस," ती म्हणाली. "पोट बिघडलं म्हणून सांग."

"का?"

"ही फट कच्ची आहे."

भोपळ्यानं आईकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या मोगरीकडे. "बाबांनी भरली ना? मग?"

खरं सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. भोपळ्या मनानं सोन्यासारखा, पण तोंडाचा फुटका. त्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टपरीवर पोहोचलीच म्हणून समजा.

"घाईत झालंय काम," ती एवढंच म्हणाली.

"असं होय!" लेकाचा चेहरा बदलला. "म्हणजे हिनं पटापट हात चालवला ते तुला खटकलं. आई, तिच्या बोटांना फोड आलेत गं. तांडेलानं चार माणसांत कौतुक केलं म्हणून रात्री झोपली नाही आनंदानं. आणि तू आल्या आल्या खोट काढत बसलीस? सासू झालीस म्हणून लगेच सासूसारखं वागायलाच हवं का?"

तो गेला. मिस्त्रीणीनं मोगरी होती तिथं ठेवली आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी घरात आणखीच गंमत. ज्याला ऐकू येत नाही त्याला गुपित सांगायचं कसं? मोठ्यानं बोलावं तर पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारी कान लावून बसलेले. हळू बोलावं तर दगडाशी बोलल्यासारखं. शेवटी ती त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि कंदील दोघांच्या मध्ये ठेवला, तोंड दिसावं म्हणून.

"कण्याजवळची फट. बोलली नाही," ती ओठ मोठे करून म्हणाली.

मिस्त्री पटाशी घासत होता. घासत राहिला.

तिनं पटाशी धरली. "मी वाजवून बघितली. मुकी आहे. चार हात."

त्यानं वर बघितलं. चेहरा असा झाला की तिला वाटलं, उगाच बोलले.

"माझ्या हाताला कळतं," तो म्हणाला. "दांड्यातून कळतं. चाळीस वर्षं झाली."

"कळतं ना. पण सुनेला ठाऊक नव्हतं हो. पीळ संपला की ती हात पुढे करत राहिली. तुम्हाला वाटलं..."

"काय वाटलं मला?" त्याचा आवाज एकदम चढला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "तुझ्या हातावर मी काम करतो काय? बायको हात दाखवेल तेव्हा थांबायचं, असा मिस्त्री आहे काय मी?"

"हळू!" तिनं त्याच्या तोंडावर हात धरला.

त्यानं तो बाजूला केला. मग त्यानं कंदिलाची वात खाली केली आणि तो हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून मला हात देऊ नकोस."

म्हणजे सगळं ठाऊक होतं तर. दोन वर्षं तिला वाटत होतं, कदाचित त्याला नीटसं कळलंही नसेल. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. जेवला नाही, तोंड भिंतीकडे करून झोपला. बहिऱ्याशी अबोला धरणं सोपं, पण बहिऱ्यानं धरलेला अबोला फार वाईट. त्यानं पाठ फिरवली की संपलंच.

ती जागीच होती. तिला पलीकडच्या बंदरावरचा म्हातारा मिस्त्री आठवत होता. त्याचे कान गेल्याचं लोकांना कळलं, तसं एका दिवसात त्याचं काम गेलं. वर पोरांना खेळ मिळाला. त्याच्या मागे जाऊन डबे बडवायचे, आणि तो वळला नाही की खदाखदा हसायचं. मोठी माणसंही हसायची. शेवटी तो दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायला लागला, मागे कुणी येऊ नये म्हणून. तसाच बसलेला असताना गेला. आपला माणूस असा बसलेला तिला डोळ्यांसमोर बघवेना.

सकाळी ती तांडेलाकडे गेली. होडीवर जाळी चढवणं चालू होतं, बर्फाच्या पेट्या रांगेनं ठेवल्या होत्या. लंब्या नावाचा खलाशी, नावाप्रमाणेच ताडासारखा, पंपाचा पाइप साफ करत होता.

"तांडेल, ही भरती जाऊ द्या," ती म्हणाली.

"आणि?"

"पुढच्या उधाणाला काढा होडी. कण्याजवळची फट पुन्हा उघडून ठोकायला हवी."

"पुढचं उधाण पंधरा दिवसांनी, बाई. आज पहाटे सगळं बंदर बाहेर पडलं. आमचं एकट्याचं धूड ओंडक्यावर बसून कावळे मोजतंय. असं मिस्त्री म्हणाले का?"

"मी म्हणते."

लंब्यानं पाइपातून डोकं काढलं. "तांडेल, अहो फटीचं नाही हे. सुनेचं नाव झालं ना, मिरच्या झोंबल्या!"

सगळे हसले. सून पाण्याचा हंडा घेऊन तेवढ्यात आली होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. मिस्त्रीणीचे कान तापले. एवढ्या वर्षांत या किनाऱ्यावर तिला कुणी हसलं नव्हतं.

"थांबा, त्यांनाच विचारू," तांडेल म्हणाला. मिस्त्री होडीच्या टोकाशी दोर तपासत होता. "ओ मिस्त्री! मिस्त्रीणबाई म्हणतात तळाची फट पुन्हा ठोकायला हवी. काय म्हणता? उघडायची का?"

मिस्त्रीनं वर बघितलं. त्याला चार हसरे चेहरे दिसले. तोही हसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? उघडायची?"

"चोख आहे सगळं," तो म्हणाला आणि अंगठा वर केला.

तांडेल मिस्त्रीणीकडे वळला. "बघा. आता बोला!"

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की त्यांना तुमचा प्रश्न ऐकू आलेला नाही. मागे जाऊन डबा वाजवा, बघा वळतात का. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं. त्याला शब्द कळले नव्हते, पण काय चाललंय ते कळलं होतं. त्याचा अंगठा अजून वरच होता आणि डोळे अशी विनवणी करत होते की जन्मात त्यानं तसं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

तिनं तोंड मिटलं.

"तुम्हाला शोक झालाय बाई, दोन दिवस पडून राहा," तांडेल मऊ आवाजात म्हणाला, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरती चढली. उधाणाचं पाणी आलं ते गढूळ आणि जड, वर फेस नाही की लाट नाही. वारा पडलेला. आकाश खाली आलेलं, घामानं कपडे अंगाला चिकटत होते. पाण्यानं एक ओंडका गिळला, मग दुसरा, मग होडी जागची हलली. माणसांनी खांदे लावले, "हां, चल!" म्हणून आरोळी ठोकली, आणि होडी हळूच पाण्यात उतरली. तिला धक्क्याच्या टोकाला नेऊन बांधलं.

रीत अशी होती, की होडी पाण्यात उतरली की एक दिवस बांधून ठेवायची. सुकलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात, मिटतात; तोवर थोडं पाणी आत येतंच. त्याला पहिलं पाणी म्हणायचं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं आत उतरून बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर शेवटचा दोर त्यानंच सोडायचा. ज्यानं फटी भरल्या त्यानं दोर सोडायचा, म्हणजे पुढची जबाबदारी त्याच्या शब्दावर. पण तांडेलाला आता धीर कुठला? बाकीच्या होड्या कालच गेल्या होत्या. यानं ठरवलं, त्याच भरतीवर निघायचं.

मिस्त्री आत उतरला. मिस्त्रीण किनाऱ्यावर बायकांमध्ये उभी होती. सून शेजारी, पदर बोटांना गुंडाळत. तिथून धक्क्याचं टोक चांगलं साठ-सत्तर पावलांवर. मिस्त्री वर आला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"पहिलं पाणी!" तांडेल ओरडला, आणि सगळ्यांना हसू आलं. "लाव रे पंप!"

इंजिन सुरू झालं. त्याचा दणका असा, की होडीवर शेजारच्याला शेजारचं ऐकू येईना. पंपानं कुशीतून पाणी फेकायला सुरुवात केली. भोपळ्यानं वरून बायकोकडे बघून हात हलवला आणि एक माकडासारखं तोंड केलं. सून पदराआड हसली.

मिस्त्रीणीचं लक्ष पंपाच्या पाण्यावर होतं. आधी ते काळपट आलं, तळातलं जुनं तेल आणि घाण. ते बरोबर. मग स्वच्छ आलं. तेही बरोबर. तिनं श्वास सोडला. कुणी सांगावं, फुगल्या असतील फळ्या. देवा, फुगू देत.

मग पाणी पांढरं आलं.

दुधात पाणी घातल्यासारखं पांढरं. बाजूच्या बायका बोलतच होत्या, त्यांना त्यात काही दिसलं नाही. मिस्त्रीणीला दिसलं. चुन्याची लांबी धुऊन आत येत होती. आणि त्या पांढऱ्या पाण्यातून काहीतरी लांबट पडलं, होडीच्या कडेनं तरंगत किनाऱ्याकडे सरकलं. ती चपलांसकट पाण्यात शिरली, कमरेपर्यंत गेली आणि तिनं ते धरलं. हातभर पीळ. तिनंच वळलेला, दुहेरी, शेवटाला तिच्या सवयीची गाठ. त्यावर पटाशीचा धड वळसुद्धा उठला नव्हता.

"थांबवा!" ती किंचाळली. "अगं, थांबवा त्यांना! फट उघडली!"

किनाऱ्यावरच्या बायका तिच्याकडे वळल्या.

"थांबा! यांना ऐकू येत नाही! दोन वर्षं झाली, मिस्त्रींना ऐकू येत नाही! माझा हात बघून काम करतात! फट भरलेली नाही!"

सगळं एका दमात बाहेर पडलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ऐकू गेलं. तांडेलाच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मी हात पुढे करत होते," ती पुटपुटली. "आई, मी एकदासुद्धा..." आणि ती धक्क्याकडे धावत सुटली.

होडीवर इंजिनाचा दणका चालूच होता. तांडेलाची पाठ किनाऱ्याकडे. लंब्या पंपाशी. भोपळ्या टोकाला दोर गोळा करत होता. धक्क्यावर फक्त मिस्त्री उरलेला, शेवटच्या दोराला हात घालून, समुद्राकडे तोंड करून.

"अहो!" ती ओरडली. चाळीस वर्षं जशी ओरडली तशीच. काय उपयोग?

तरीही मिस्त्री वळला. ओरडण्यानं नाही, आपणहून. काल अंगठा वर केला त्यानंतर त्यानं तिच्याकडे बघितलं नव्हतं. दोर हातात होता, तांडेल खुणेनं सोडा सोडा म्हणत होता, आणि ऐन वेळेला मिस्त्रीच्या जिवाला राहवलं नाही. त्यानं किनाऱ्यावर बायकोला शोधलं. ती कमरेभर पाण्यात सापडली.

तिनं हात ताणला. थांबा. सगळा जीव त्या हातात आणून तिनं तो पुढे ताणला, बोटं पसरून, आणि तळहातावर तो ओला पीळ.

दोघांमध्ये साठ पावलं. मिस्त्रीचा चेहरा तिला नीट दिसला. आधी त्यावर आश्चर्य आलं, मग तो सैल पडला, आणि मग, किती वर्षांनी कुणास ठाऊक, तो लहान मुलासारखा हसला. राग गेला होता. त्यानं तिच्याकडे बघून मान डोलावली आणि दोर सोडून दिला.

सून अर्ध्या धक्क्यावर पोहोचली होती. होडी वळली, तिनं टोक समुद्राकडे केलं आणि निघाली. सून टोकापर्यंत धावत गेली, दोन्ही हात हलवत होती, नवऱ्याला हाका मारत होती. भोपळ्याला ती दिसली. त्यानंही दोन्ही हात वर करून तसेच हलवले, तिच्यापेक्षा जोरात. मग इंजिनानं जोर धरला आणि होडी भराभर लांब जायला लागली. तिच्या कुशीतून पांढऱ्या पाण्याची धार पडत होती, आणि ती कमी होत नव्हती.

"पलीकडच्या बंदरावर पळा!" मिस्त्रीण बायकांना म्हणाली. "कुणाची तरी होडी असेल. तराफा असेल. काहीही असेल ते काढा!" दोघी पळाल्या. पलीकडचं बंदर चालत तासाभराच्या वाटेवर, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मिस्त्री धक्क्यावरून खाली आला. दोराच्या पाण्यानं त्याचे हात अजून ओले होते. मागून सुनेचा आक्रोश येत होता, पण तो मागे होता. बायका त्याला वाट देत बाजूला झाल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं, होडी झोकात गेली म्हणून बघतात. तो पाण्यात उतरून बायकोजवळ आला.

"मी म्हटलं होतं हात देऊ नकोस," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "पण खरं सांगू? आत पाणी जरा जास्त वाटलं मला. म्हटलं, हिला विचारावं. तुझा हात बघितला, मगच सोडला."

मिस्त्रीणीचा हात अजून पुढेच होता. त्यानं तिच्या तळहातावरचा पीळ उचलला, ओला कशानं झाला म्हणून बघितला, आणि सवयीनं कानामागे खोचला.